न भरणारी टाकी

आमच्या घरी उन्हाळा आधी ऐकू यायचा आणि मग जाणवायचा. बाकीच्या नागपूरकरांना तो घामाने कळत असेल, आम्हाला पत्र्यावरच्या हातोडीने कळायचा. बाबा कूलर बनवायचे. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ, रस्त्याला लागून आमचं घर होतं आणि घरापुढच्या अंगणात टिनाच्या छपराखाली त्यांचा कारखाना. कारखाना हा त्यांचा शब्द, आई त्याला ठोकाठोकी म्हणायची. होळी जवळ आली की लकडगंजातून लाकडाच्या किसाची पोती यायची, पत्रे यायचे, डांबराचे डबे यायचे, आणि मग पार पावसाळ्यापर्यंत घरात कोणीही साध्या आवाजात बोलत नसे. पोळी वाढू का, हेसुद्धा आई ओरडूनच विचारायची. पत्रे ठोकायचं काम संपल्यावरही ती सवय जायची नाही, त्यामुळे दिवाळीत आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, यांच्याकडे भांडण चालू आहे. मला अजूनही फोनवर हळू बोलता येत नाही. माझी नात माझा फोन आला की तो कानापासून हातभर लांब धरते.

कूलर म्हणजे तसं फार काही नसतं. तीन बाजूंना ओल्या किसाच्या ताट्या, चौथ्या बाजूला पंखा आणि खाली पाण्याची टाकी. टाकीच्या तळाला एक भोक असतं आणि त्या भोकात रबराचं बूच. जुनं पाणी काढून टाकायचं असेल तर बूच उपसायचं, एरवी त्याला कोणी हात लावत नाही. बाबांचा सगळा जीव त्या टाकीत. आतून ते स्वतःच्या हाताने डांबर लावायचे, टाकी भरून ठेवायचे, खाली जुने पेपर अंथरायचे आणि पेपर जरा जरी ओला झाला तरी तो कूलर गिऱ्हाइकाला द्यायचे नाहीत. पंखा आवाज करतो म्हणा, रंग फिका आहे म्हणा, ते हसून ऐकून घेत. पण टाकी गळते असं कोणी म्हणालं की दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यामुळे ‘गळणे’ या क्रियापदाला आमच्या घरात बंदीच होती. सर्दी झाली तर नाक वाहायचं. झाडाची पानं पडायची. माझे केस गळायला लागले तेव्हा आईने बाबा बाहेर जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग मला तेल लावायला बसवलं.

शेजारच्या घरात वैरागडे सर राहायचे. आमच्या शाळेत आठवीपासून पुढे गणित शिकवायचे. उंच, जाडसर, गुडघ्याने त्रासलेले, आणि कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे एकच औषध असायचं : सूत्र लावा. एकदा त्यांच्या घरात विंचू निघाला तेव्हाही ते खुर्चीवर उभे राहून काकूंना ‘सूत्र लावा’ म्हणाले, असं आई शपथेवर सांगायची. प्रज्ञा परीक्षेचा गणिताचा पेपर सर काढतात, हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं आणि ते गुपित आहे हेही माहीत होतं. हिवाळा लागला की त्यांच्या खिडक्या बंद व्हायच्या, काकू लोकांना दारातूनच वाटेला लावायच्या आणि सर पानठेल्यावर भेटले की कोणी काही विचारायच्या आत म्हणायचे, ‘मी सध्या काहीच करून नाही राहिलो बा.’ मग पानठेलेवाला माना डोलवून म्हणायचा, ‘पेपर सोपा काढजा, सर.’

सातवीत मी त्या परीक्षेला बसले. विदर्भातल्या सगळ्या शाळांत एकाच दिवशी एकच पेपर. यादीत नाव आलं तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुलींच्या मोठ्या शाळेत प्रवेश आणि तिथे जायला सायकल, हे बाबांनी कबूल केलेलं. नाव आलं नाही तर आहे त्याच शाळेत आठवी, म्हणजे तीन वर्षं वैरागडे सर वर्गात आणि तेच वैरागडे सर भिंतीपलीकडे. मी भिंतीवरून डोकावून हसले तरी ते दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी बोलावतील, याची मला खात्री होती. सायकलचं स्वप्न मी इतक्यांदा पाहिलं होतं की तिची घंटी कशी वाजते, ते मला पाठ झालं होतं.

पेपर छान गेला, एक प्रश्न सोडून. एक नळ रिकामी टाकी सहा तासांत भरतो, तळाची तोटी भरलेली टाकी चार तासांत रिकामी करते, टाकी रिकामी असताना दोन्ही एकदम सुरू केले तर टाकी किती तासांत भरेल? पुढे चार पर्याय : दोन, दहा, बारा, चोवीस. मी उत्तर काढलं, ते उणे आलं. पुन्हा काढलं, पुन्हा उणे. मग पेन खाली ठेवून नुसती विचार करत बसले. पाणी येतंय हळू, जातंय भराभर, मग भरेल कशी? कोणत्याही तासात भरणार नाही. आता चार पर्यायांत हे उत्तर नव्हतं. शहाणी मुलगी प्रश्न सोडून पुढे गेली असती. मी चोवीसच्या खाली सुवाच्य अक्षरात एक पाचवा पर्याय लिहिला, ‘(इ) या जन्मात भरणार नाही’, आणि त्याला गोल केला. मला फार समाधान वाटलं होतं. परवा नातीच्या संगणकावरच्या परीक्षेत असाच एक बिघडलेला प्रश्न आला, तर तिने कोपऱ्यातलं एक बटण दाबून तक्रार नोंदवली आणि चिप्स खायला गेली. मला तिचा हेवा वाटला आणि थोडी कीवही आली.

निकाल भर मे महिन्यात लागला. यादीतल्या शेवटच्या नावापेक्षा मला एक गुण कमी होता. शाळेच्या फलकावर छापील उत्तरं लावली होती, त्यात त्या प्रश्नापुढे ‘बारा’ लिहिलं होतं. मी तिथेच उभी राहून रडले आणि मग उन्हात, डोक्यावर ओढणी घेऊन, रागारागाने घरी आले. सरांनी काय केलं होतं ते मला रस्त्यातच कळलं. सहा आणि चार यांची अदलाबदल झाली होती. नळाने चार तासांत भरली असती आणि तोटीने सहा तासांत रिकामी झाली असती, तर बारा बरोबर होतं. एवढीशी चूक. पण त्या एवढ्याशा चुकीवर माझी सायकल उभी होती.

घरी आल्यावर मी निकालाबरोबर परत मिळालेली प्रश्नपत्रिका बाबांपुढे धरली. त्यांनी हातोडी ठेवली, चष्मा पुसला, प्रश्न वाचला, परत वाचला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, झालं, बाबांना चूक दिसली.

‘हे माह्यावर लिहिलं आहे,’ बाबा म्हणाले.

‘काय?’

‘पाह्य ना वं कुंदे. टाकी. तळातून पाणी जाते. भरत नाही. मागच्याच वर्षी सरनं आपल्याकडून कूलर नेला. कोणाची टाकी आहे हे? माहीच टाकी आहे! अख्ख्या विदर्भातल्या लेकरायले सांगून राहिला हा माणूस, का वसंतरावची टाकी गळते म्हणून!’

बंदी घातलेला शब्द खुद्द त्यांच्याच तोंडून निघाला, यावरून त्यांना किती लागलं होतं ते ओळखावं. मी परोपरीने सांगितलं की बाबा, हा नळ वेगळा, ही टाकी वेगळी, चूक आकड्यांची आहे. त्यांना आकड्यांशी कर्तव्य नव्हतं. प्रश्नावर हरकत घ्यायची तर दुसऱ्याच दिवसापर्यंत पालकाचा अर्ज आणि त्यावर गणिताच्या शिक्षकाची सही, असा नियम होता. बाबांनी अर्ज लिहायला घेतला तेव्हा मला हायसं वाटलं. मग मी तो वाचला. त्यात माझं नाव शेवटी, तेही चुकून आल्यासारखं होतं. बाकी सगळा मजकूर असा, की अर्जदाराच्या टाकीला आतून डांबराचे दोन हात असतात, तळाला तोटी नसून बूच असते, आणि सदर प्रश्नामुळे अर्जदाराच्या मालाची नाहक बदनामी झाली असून परीक्षा मंडळाने दिलगिरी व्यक्त करावी.

तो अर्ज घेऊन मी संध्याकाळी सरांकडे गेले, कारण मे महिन्याच्या सुट्टीत गणिताचे दुसरे कोणी शिक्षक गावातच नव्हते. सर ओसरीवर बसले होते. अर्ज त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नाही.

‘प्रश्न कोणाचा आहे, मला माहीत नाही,’ ते म्हणाले, ‘पण ज्याने काढला त्याने विचार करूनच काढला असेल. सूत्र लावा. बारा येते.’

‘सर, पण पाणी येते कमी अन् जाते जास्त. मग टाकी भरन कशी?’

‘कुंदा, परीक्षेत पाणी नसते. परीक्षेत संख्या असतात.’

‘मग टाकी काहून लिहिली?’

‘घरी जा.’

मी घरी गेले. आई स्वयंपाकघरात गोळाभाताची तयारी करत होती. भरड्या डाळीचे गोळे भातात शिजवायचे, वरून लसणाची कडकडीत फोडणी घालायची, की तो वास भिंत ओलांडून सरांकडे जायचा आणि थोड्याच वेळात काकू काहीतरी निमित्त काढून वाटी घेऊन यायच्या. सरांचा त्या गोळाभातावर इतका जीव होता की आमच्या फोडणीचा आवाज ते वर्गात शिकवत असले तरी ओळखतील, असं आम्ही म्हणायचो. मी आईजवळ बसून सगळं सांगितलं आणि सायकलीपाशी आल्यावर माझा बांध फुटला. आई लसूण सोलत राहिली.

‘मले त्या गणितातलं काही समजत नाही,’ ती म्हणाली. ‘पण सर हट्टी आहेत, हे समजते. हट्टी माणसाले सांगून नाही पटत वं. त्याच्या हातात पाइप द्या लागते.’

मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ यायच्या आधीच आई उरलेल्या गोळाभाताची वाटी घेऊन मागच्या दाराने सरांकडे गेली. त्यांचा कूलर मागच्या खिडकीला, लोखंडी स्टँडवर, मोगऱ्याच्या वाफ्यावर होता. ती परत आली तेव्हा वाटी काकूंकडे राहिली होती आणि आईची मूठ बंद होती. तिने ओट्याशी माझ्यापुढे मूठ उघडली. आत रबराचं काळं बूच होतं.

‘आई!’

‘ओरडू नको.’ हे ती अर्थातच ओरडूनच म्हणाली. ‘आता बस अन् पोहे खा.’

आम्ही पोहे खाल्ले. म्हणजे आईने खाल्ले, मी ताटलीत बोटं फिरवली. पलीकडून नळ सुटल्याचा आवाज आला, सरांनी पाइप टाकीत सोडल्याचा आवाज आला, त्यांची खुर्ची सरकली, पेपर उलगडला. आम्ही वाट पाहत राहिलो. ऊन अंगणात आलं. बाबा एका कूलरचा पत्रा ठोकत होते. सर उठले, मागे जाऊन आले, पुन्हा बसले. नंतर परत उठले. आणि मग भिंतीपलीकडून, हातोडीच्या वर आवाज काढून, ते ओरडले.

‘वसंतराव! तुमची टाकी गळते!’

हातोडी थांबली. तिच्याबरोबर रस्ताही थांबला असावा, कारण लोक भिंतीपाशी जमायला वेळ लागला नाही. बाबा निघाले, मागून आम्ही दोघी. आणि तेव्हा, त्या पाचपन्नास पावलांत, मला आईचा चेहरा दिसला. तिने सरांचा विचार केला होता, माझा केला होता, गोळाभाताचाही केला होता. बाबांचा केला नव्हता. प्रश्नात जशी चूक होती तशी तिच्या बेतातही होती, आणि ती तिला आत्ता दिसत होती. पदराखालची तिची मूठ घट्ट आवळलेली होती.

‘सकाळपासून पाइप लावून ठेवला आहे,’ सर जमलेल्या लोकांना सांगत होते, ‘पाहा, तळ ओला होते, बस! सारं पाणी मोगऱ्याले!’

बाबा जमिनीवर पाठ टेकून स्टँडखाली सरकले. सरांना गुडघ्यांमुळे वाकता येत नसे, म्हणून त्यांनी खाली पाहिलंच नव्हतं. बाबांनी पाहिलं. त्यांना तळाचं रिकामं भोक दिसलं, हे मला त्यांच्या पायांवरूनच कळलं. ते एकदम हलायचे थांबले. मग ते बाहेर आले, चिखलाने भरलेले, आणि त्यांच्या ओठांवर ते वाक्य अगदी येऊन थांबलं होतं : बूच कुठे आहे? तेवढं विचारलं असतं तरी सगळ्यांसमोर त्यांची टाकी निर्दोष सुटली असती. त्यांनी लोकांकडे पाहिलं. आईकडे पाहिलं, तिच्या पदराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी आता सगळं सांगून टाकते, मरू दे ती सायकल. पण माझ्या तोंडातून आवाजच फुटेना.

बाबांनी हात पुसले.

‘गळते, सर,’ ते म्हणाले.

हे त्यांनी कोणाकोणासमोर म्हटलं ते मला आजही एकेक करून आठवतं. पानठेलेवाला होता. ज्याचा कूलर अंगणात अर्धा झाला होता तो गिऱ्हाईक होता. बाबांनी आयुष्यात कोणाचं देणं लागत नसताना मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

‘माहीच टाकी आहे. गळते,’ ते पुढे म्हणाले. ‘वरून नळाचं पाणी येते हळूहळू, अन् खालून जाते त्याच्याहून लवकर. आता तुम्ही शिकलेले आहा सर, तुम्हीच सांगा. किती वेळात भरते?’

‘कशी भरेल?’ सर तडकले. ‘वसंतराव, काय विचारून राहिले? येते कमी, जाते जास्त, ते कधीच भरत नाही! वर्षभर पाइप लावा ना, नाही भरणार!’

आता मात्र माझा आवाज फुटला, आणि तो आमच्या घरचा आवाज होता, मोहल्लाभर गेला.

‘सर, सूत्र लावा ना. बारा तासांत भरते!’

पाणी तेवढं मोगऱ्यात पडत राहिलं. कोणाला काही कळलं नव्हतं, पानठेलेवाला तर बारा तास थांबायच्या तयारीने भिंतीला टेकला. सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, मला वाटतं, सहा आणि चार पुन्हा मांडून पाहत होते. मग त्यांनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने नळ बंद केला.

‘तो अर्ज आण,’ ते म्हणाले.

बाबांचा अर्ज त्यांनी ओसरीवर बसून पूर्ण वाचला. डांबराच्या दोन हातांपाशी आल्यावर त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं. तो बाजूला ठेवून त्यांनी दुसऱ्या कागदावर नवा अर्ज लिहिला, चार ओळींचा, आणि खाली ‘प्रश्न सदोष आहे’ असं लिहून ठसठशीत सही केली. स्वतःच्या प्रश्नावर स्वतःच हरकत घेतलेला माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही. मी पुढे बँकेत पुष्कळ साहेब पाहिले, त्यांच्या सह्याही पाहिल्या, पण चूक दिसल्यावर इतक्या लवकर पेन उघडणारा एकही आढळला नाही.

प्रश्न रद्द झाला, सगळ्यांना तो गुण मिळाला, यादी वाढली आणि तिच्या शेवटाकडे कुठेतरी माझं नाव आलं. सायकल आली, जुनीच होती, पण घंटी नवी होती. पण वसंतरावचा कूलर गळतो, ही बातमी माझ्या सायकलपेक्षा वेगाने फिरली. अंगणातला तो अर्धा कूलर गिऱ्हाइकाने नको म्हटला. एकदोघांनी बयाणा परत मागितला. आई बेचैन झाली. एका दुपारी बूच घेऊन निघालीच होती, पानठेल्यावर सगळ्यांना दाखवते म्हणून. बाबांनी तिला दारातच अडवलं.

‘कुठे चालली? राहू दे.’

‘अहो, लोक काय म्हणून राहिले, ऐकलं का?’

‘ऐकलं. पण बूच तुह्या हातात दिसलं अन् मंडळानं पोरीचा मार्क परत घेतला, तर?’

असं होत नसतं, हे मला त्या वयातही कळत होतं. पण बाबांना तशी भीती खरोखरच होती, आणि त्या भीतीपायी त्यांनी सगळा उन्हाळा तो शब्द ऐकून घेतला. मला बाबा आवडायचेच, पण ते माझे कोण आहेत हे मला त्या मे महिन्यात कळलं. शाळेतून येताना त्यांचा हातोडीचा आवाज कोपऱ्यावरून ऐकू आला की मी उगाचच घंटी वाजवायची.

पुढची होळी झाली. किसाची पोती आली, ठोकाठोकी सुरू झाली, पण अंगणात गिऱ्हाइकं मागच्या वर्षाइतकी नव्हती. अशाच एका सकाळी वैरागडे सर आले. चारदोन माणसं भाव विचारायला उभी होती, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने सर म्हणाले, ‘वसंतराव, मागच्या वर्षी टाकी गळत नव्हती. बूच निघालं होतं, हे परवा कूलर धुताना कळलं. माझ्याच हाताने निघालं असेल, मी वाकून पाहिलं नाही. चूक माझी. अजून एक कूलर करून द्या, पोराकडे पाठवायचा आहे.’ बाबांनी हातोडी उचलली आणि समोरच्या पत्र्यावर अशी काही सुरू केली की अंगणातली कबुतरं उडाली. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, एवढंच मी सांगते.

सर जाताना दारात आईपाशी थांबले. मान खाली घालून, हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले. हातोडीत आईला ऐकू आलं नाही.

‘काय म्हणता?’ आई ओरडली.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने. आईने कानाला हात लावून मान हलवली. मग सरांनी नाइलाजाने छाती भरून श्वास घेतला, आणि नेमके ते ओरडले तेव्हाच बाबांची हातोडी थांबली. त्यामुळे सरांनी इतकी वर्षं खिडक्या बंद करून जपलेलं गुपित भाव विचारायला आलेल्या माणसांनी, पानठेलेवाल्याने आणि रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांनी अगदी स्पष्ट ऐकलं.

‘वहिनी, बूच दोन द्या म्हटलं! एक कूलरले, अन् एक तुमच्यापाशी असू द्या. हिवाळ्यात मले पुन्हा पेपर काढायचा आहे!’